दाखवायची चूल

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, आणि लिहिताना ओळ खाली खाली उतरत जाते. हे कुणाच्या हाती पडलं तर त्यांनी माफ करावं. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. जुन्या वहीत मधली पानं कोरी होती, म्हणून लिहिते.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. गावातली शाळा तेवढीच होती. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावी जावं लागे, आणि माझा डावा पाय तीन वर्षांची असताना वाऱ्यानं गेला. ताप आला, तीन दिवसांनी उतरला, पण पाय घेऊन उतरला, असं आई सांगायची. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो मला रोज पाठीवर घेऊन यायचा, शाळेच्या ओट्यावर ठेवायचा आणि मग ओढा ओलांडून आपल्या शाळेला पळायचा. मी चौथी पास झाले त्या वर्षी वडील गेले आणि दादा शेतात गेला. दप्तर आणि मी, दोन्ही त्याच्या पाठीवरून एकाच दिवशी उतरलो.

पुढं दादाचं लग्न झालं, आई गेली, दोन लेकरं झाली. घरात पाच माणसं. माझी जागा चुलीच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून. पाय लांब करून बसावं लागतं म्हणून ती जागा आईनंच ठरवून दिली होती. वैनी भाकरी थापायची आणि मी जाळ बघायचे. कोणतं लाकूड कधी सारायचं ते मला नीट कळायचं. वैनी म्हणायची, "वन्सं, तुमी बसल्याबिगर माझी भाकर फुगत न्हाई बगा." तव्यावरची पहिली भाकर लेकरांना, दुसरी दादाला आणि तिसरी ती हात लांब करून माझ्या ताटात टाकायची. ती गरम असायची. हे एवढं बारीक का लिहिते ते पुढं कळेल.

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. आमचं गाव चाकूरच्या वरच्या अंगाला, नांदेडच्या सडकेपासून दीड कोस आत. जिल्हा धाराशिव होता तेव्हाही आम्हाला त्याचं काही नव्हतं आणि लातूर झाला तेव्हाही नाही. दवाखाना नांदेडचा, लग्नाचं कापड नांदेडचं. जिल्हा म्हणजे सातबाऱ्यावर लिहितात ते गाव, एवढंच माहीत.

पहिल्या वर्षी ज्वारी हाताएवढी होऊन वाळली. दुसऱ्या वर्षी पेरलीच नाही. बैल छावणीवर बांधले, गोठा मोकळा पडला. दादा आणि वैनी रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागले. संध्याकाळी वैनी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर पांढरी धूळ असायची. एकदा पीठ काढताना आपल्याशीच म्हणाली, "चौघांचं हाय, पाचात भागवू." तिनं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण गावातलं प्रत्येक धड माणूस त्या वर्षी हजेरीपटावर होतं, आणि मी जाळ बघत बसले होते. जाळही कमीच लागायचा.

गावात एक लिंगायत दुकानदार होते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, आणि कालचा पेपर आज मोठ्यानं वाचायची सवय. मी मीठ आणायला काठी टेकत गेले होते. आप्पा पेपर खाली ठेवून म्हणाले, "पोरी, तुला सरकार पगार देणार की."

मला वाटलं चेष्टा करतात. मी मान खाली घातली.

"खरंच. अपंग, निराधार माणसाला. महिन्याला साठ रुपये, घरपोच मनीऑर्डर. लातुरात सगळी कचेरी नवी बसलीय, काम करून दाखवायचा जोर हाय त्यांना. आत्ताच अर्जी टाक."

दोन दिवस मी घरात काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, तर दादा हसायला लागला. "पगार? तू काय मास्तरीण हायस?"

वैनी म्हणाली, "मग आमी नोकरदारणीच्या घरात ऱ्हातो म्हणा की."

सगळे हसलो. दुष्काळात आमच्या घरात तसं हसू फार दिवसांनी झालं होतं. दादा म्हणाला, "टाकू की अर्जी. सरकार देतंय तर आपण न्हाई का म्हनावं."

अर्जासाठी डॉक्टरचा दाखला पाहिजे होता. आम्ही विचार न करता नांदेडला गेलो. लहानपणी पाय तिथंच दाखवला होता. डॉक्टरांनी टेपनं दोन्ही पाय मोजले, गुडघा वाकवला, कागदावर लिहिलं आणि शिक्का मारला. साठ टक्के. परतीच्या बसमध्ये दादानं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. चौथीनंतर डायरेक फर्स्ट क्लास आलीस बघ." मी तोंडाला पदर लावून हसले. त्या दिवशी मला खिडकीची जागा मिळाली होती. मला वाटलं, काम झालंच.

आठ दिवसांनी लातूर. नवा जिल्हा, कचेऱ्यांना अजून आपली इमारत नव्हती. आमची कचेरी एका भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर होती. जिना उभा आणि अरुंद. दादानं पायताण काढून हातात घेतलं, खाली बसला आणि म्हणाला, "चल." मी काठी त्याच्या हातात दिली आणि गळ्याला मिठी मारली. तीस वर्षांची बाई, लोक बघत होते. मला लाज वाटली आणि तरी बरंही वाटलं. त्याच्या मानेला तसाच घामाचा वास होता, शाळेत नेताना यायचा तसा.

वर एक कारकून बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद उलटून पाहिला. "हा नांदेडचा आहे."

दादा म्हणाला, "हाव साहेब. आमी कायम नांदेडलाच दाखवतो."

"तुमचा जिल्हा लातूर. दाखला लातूरचा पाहिजे."

"पाय नांदेडात बघितला तरी तोच हाय, लातुरात बघितला तरी तोच हाय."

कारकून हसले. "पाय तोच हो. शिक्का दुसरा." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जिन्याकडं पाहिलं. "ह्या वर कशा आल्या?"

"पाठीवर आणली." दादानं ते जरा अभिमानानंच सांगितलं.

"तुम्ही कोण यांचे?"

"भाऊ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भाऊ पाठीवर घेऊन जिना चढतो, आणि अर्जात लिहिता निराधार?"

दादाला ते लगेच कळलं नाही. मलाही नाही. आम्ही 'निराधार' हा शब्द योजनेचं नाव म्हणून धरला होता, जसं गावाला नाव असतं तसं. त्याचा अर्थ असतो आणि तो खरा असावा लागतो, हे आमच्या डोक्यात नव्हतं. कारकुनांनी समजावून सांगितलं. अर्जदाराला सांभाळणारं कुणी नको. भाऊ असेल तर तो वेगळा राहतो आणि हिला सांभाळत नाही असं त्यानं लिहून द्यायचं. तलाठ्यानं घरी येऊन वेगळी चूल आहे असं बघून लिहायचं. "नियम मी केला नाही," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी यांना एकटीला वर येऊ द्या."

उतरताना दादानं मला पाठीवर घेतलं. नवा दाखला काढायला आणखी एकदा लातूरला जावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनीही साठच टक्के लिहिले. या वेळी फर्स्ट क्लासचं नाव कुणी काढलं नाही.

लिहून द्यायचा कागद आप्पांनी दुकानातच लिहिला. मी पायरीवर बसले होते. दुकानात तेल न्यायला आलेली तीन-चार माणसं होती. आप्पांना मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी वाचलं, "मी खाली सही करणार लिहून देतो की, माझी बहीण माझ्यापासून विभक्त राहते. तिचा सांभाळ मी करत नाही."

दादा म्हणाला, "आप्पा, 'करत नाही' काऊन लिवलं? 'करू शकत नाही' लिवा की. दुष्काळ हाय, हे खरंच हाय."

आप्पांनी चष्मा वर केला. "'शकत नाही' लिहिलं तर साहेब म्हणंल, पुढच्या साली पाऊस पडला की शकतोस. त्यांना 'करत नाही'च पाहिजे, बाबा."

तेल न्यायला आलेल्यातला एक जण म्हणाला, "कर की दस्तखत. साठ रुपयांसाठी माणूस काय काय लिहून देतंय. बायकोला सोडली म्हून तर लिहीत न्हाईस." बाकीचे हसले.

दादानं सही केली. त्याची सही मोठी असते, आडनावाला शेपूट ओढतो. त्या दिवशी त्यानं शेपूट ओढलं नाही. घरी येताना तो पुढं गेला. मी काठी टेकत मागं राहिले. तसं तो कधी जात नसे.

तलाठी येणार म्हणून चूल वैनीनं घातली. मोकळ्या गोठ्यात एका कोपऱ्यात, चांगली पांढरी माती कालवून, तीन उंचवटे काढून. तिच्या हाताला चूल सुरेख वळते. "नवी चूल ओळखू येती," म्हणून तिनंच तिच्यात तुराट्या जाळून ती आतून काळी केली. एक जुना तवा, एक पातेलं, काथवट, पिठाचा डबा असं मांडून दिलं. माझी वाकळ आणि लुगड्याची पिशवी खुंटीला लावली. मग मागं सरून बघितलं आणि म्हणाली, "झालं बगा वन्सं, तुमचं घर. उद्या बघून गेला की मोडून टाकू." आम्ही दोघी हसलो. लहानपणी भातुकली खेळतात तसं ते वाटत होतं.

तलाठी दुपारी आला. दादा मुद्दाम कामावर गेला होता. तलाठ्यानं गोठ्यात डोकावलं आणि चुलीवर हात धरून पाहिला. ती गरम होती, वैनीनं सकाळी माझ्याकडून दोन भाकरी तिथंच करून घेतल्या होत्या.

"रोज इथंच करून खाता का बाई?"

परक्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण त्या दिवशी लगेच म्हणाले, "हाव."

"भाऊ काही देतो?"

"न्हाई."

"कुणाचा काही आधार?"

"कुणाचाच न्हाई."

इतकं सरळ मी जन्मात कुणापुढं बोलले नव्हते. वैनी आमच्या घराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तलाठ्यानं लिहून घेतलं, माझी सही घेतली. अंगठ्यासाठी शाईची डबी काढून ठेवली होती, ती त्यानं परत पिशवीत घातली. जाताना म्हणाला, "मधून मधून तपासणी असते. कधीही येईन."

म्हणून चूल मोडता आली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी काठी घेऊन घरात जायला उठले, तर वैनी दारातच म्हणाली, "आजच्या दिवस तिकडंच करा की वन्सं. परत वळून आला तर?" ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशीही खरं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं पीठ मापानं आणून दिलं. महिन्याभरानं ते मापही ठरून गेलं. कुणी काही ठरवलं नव्हतं. कुणी भांडलंही नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवायला कुणी तरी मधी पडलं असतं.

कागद द्यायला शेवटची लातूरची खेप झाली. जिन्याच्या पायथ्याशी दादा थांबला. समोर लिंबाखाली चहाचा गाडा होता. तो म्हणाला, "मी हितं हाय." मी पहिल्या पायरीवर पाठमोरी बसले, हातांनी रेटा देऊन दुसरीवर, मग तिसरीवर. काठी मांडीवर आडवी. बावीस पायऱ्या होत्या. पाठमोरी चढत होते म्हणून दादा मला शेवटपर्यंत दिसत होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. कपातला चहा संपला होता तरी कप तोंडाला लावून उभा होता.

वर शिपायानं विचारलं, "सोबत कुणी नाही?" मी नाही म्हटलं. कारकुनांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. कागद एकावर एक लावून टाचणी मारली. "आता कसं बरोबर आलात," ते म्हणाले. माझ्या लुगड्याला मागं पायऱ्यांची धूळ लागली होती, ती मी खाली आल्यावर झटकली.

पहिली मनीऑर्डर यायला सहा-सात महिने गेले. पोस्टमननं हाक मारली तेव्हा गल्लीतल्या बाया जमल्या. "बाईची पगार आली गं!" एक म्हणाली, "आता आमाला उसनं देत जावा." मी फॉर्मवर सही केली. नोटा कोऱ्या होत्या. ते माझ्या हातातले पहिले माझे पैसे. घेऊन कुठं जावं ते कळेना. गोठ्यात येऊन चुलीपाशी बसले.

खेपांचा खर्च मी मनात धरून ठेवला होता. नांदेडची एक खेप, लातूरच्या तीन, दोघांची तिकिटं, आणि त्या चार दिवसांची दादाची बुडालेली हजेरी. हजेरीचं वैनी एकदा बोलून गेली होती, कुणाला उद्देशून नाही. एकशे तीस रुपये होत होते. कुणी मागितले नव्हते. पण मला वाटायचं, हे एवढं मधी आहे. हे फिटलं की दादा म्हणंल, आता बस झालं, ये घरात. म्हणून पहिल्याच पैशातले पंधरा रुपये मी त्याला नेऊन दिले. तो दारात खाटेवर बसला होता.

"हे काऊन?"

"लातूरच्या खेपांचे."

तो नोटांकडं बघत बसला. मला वाटलं ढकलून देईल. लहानपणी मी त्याला माझ्या वाटणीचा गूळ दिला की तो ढकलून द्यायचा, आणि मग अर्धा अर्धा खायचो. त्यानं घेतले. पैरणीच्या खिशात ठेवले.

मग दर महिन्याला मी जायचे. कधी पंधरा, कधी दहा. त्या निमित्तानं घरात पाऊल पडायचं. लेकरं सांगायची, आत्या, शाळेत हे झालं, ते झालं. वैनी चहा टाकायची. किती रुपये द्यायचे राहिले ते मी सांगायचे, दादा "बरं" म्हणायचा. चहा पिऊन झाला की बसायला काही कारण उरायचं नाही. एखाद्या महिन्याला मी मुद्दाम कमी दिले. वीस देता आले असते तेव्हा पाच दिले.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. ज्वारी घरात आली, बैल छावणीतून परत आले आणि गोठ्यात माझ्या समोरच्या दावणीला बांधले. त्यांच्या चघळण्याचा आवाज मला आता सवयीचा झाला आहे. हमीचं काम बंद झालं. पिठाचं माप मी स्वतःच बंद केलं, आता मला माझं घेता येत होतं. वैनी म्हणाली, "राहू द्या की, वन्सं," पण दुसऱ्यांदा म्हणाली नाही.

शेवटचे दहा रुपये राहिले होते. ते मी दोन महिने दिले नाहीत. तिसऱ्या महिन्यात मनीऑर्डर आली तेव्हा ठरवलं की आज द्यायचेच, आणि जेवायच्या वेळेलाच जायचं. काठी टेकत आत गेले. दादा जेवत होता, लेकरं जेवत होती, वैनी भाकरी थापत होती. जाळही तीच बघत होती, एक हात पिठाचा आणि एक लाकडावर. माझ्या जागी, चुलीच्या डाव्या अंगाला भिंतीशी, ज्वारीचं पोतं उभं होतं. त्यावर लेकरांची दप्तरं ठेवली होती.

मी उभीच राहिले. मग वाकून नोट दादाच्या ताटाजवळ ठेवली.

"हे शेवटचे. आता फिटले सगळे."

दादाचा घास हातात राहिला. वैनीनं त्याच्याकडं बघितलं. मी पोत्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं, आणि दादानं मला बघताना पाहिलं.

त्यानं विचारलं, "तलाठी आलता का परत?"

"न्हाई."

"येईल," तो म्हणाला. "त्याचा काय नेम न्हाई."

"हाव," मी म्हटलं.

वैनीनं तव्यावरची भाकर काढली, फडक्यात गुंडाळली आणि हात लांब करून मला दिली, घेऊन जायला. गरम होती. दादानं धोतराला हात पुसला, दहाची नोट उचलली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली.